पहाटेचा ललित, डिस्कोचा ठेका

एसटीत, लोकलमध्ये, कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून तुम्ही हा भाग ऐकला असेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना जिथं अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आज एकाच ट्रॅकबद्दल बोलायचंय. पाचेक मिनिटांचा आहे. शब्द नाहीत, गायक नाही. तीन जपानी यंत्रं आणि ती वाजवणारा एक माणूस. साल १९८२, गाव मुंबई. रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, वादक चरणजीत सिंग, आणि त्या दहा रागांतला माझा राग ललित.

मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा हिंजवडीत रात्रपाळीला होतो. नवीन व्हर्जन प्रॉडक्शनवर चढवायचं होतं आणि पहाटे चारला सगळे जण स्क्रीनवरच्या हिरव्या-लाल रेषांकडे बघत बसलेले. कुणीतरी लिंक टाकली. मला वाटलं, युरोपातल्या कुठल्यातरी क्लबचं म्युझिक आहे. खाली सारखा बुडबुडल्यासारखा बेस, वर टिकटिक करणारा हाय-हॅट, आणि त्यावर एक सूर शिट्टीसारखा घसरत चाललेला. काम फत्ते झालं, मी खुशीत होतो, आणि तो ट्रॅक मला विजयाच्या मिरवणुकीसारखा वाटला. त्या आठवड्यात शंभरेक वेळा ऐकला असेन.

नंतर एकदा कांद्याचे भाव साफ पडले होते तेव्हा गावी निघालो होतो. शिवाजीनगरहून एसटी, रात्रीची. नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला. वडील फोनवर एवढंच म्हणाले होते, ‘ये, बघू.’ कानात तोच ट्रॅक. तोच ठेका, तोच बेस, एक मात्रासुद्धा इकडची तिकडं नाही. पण त्या रात्री तो मला कुणीतरी दाराबाहेर येरझाऱ्या घालतंय असा ऐकू आला.

फाईल तीच. माझ्यातला प्रोग्रामर इथं अस्वस्थ झाला. इनपुट तेच, फंक्शन तेच, आणि आउटपुट मात्र वेगळं? मग मागं मागं वाचत गेलो, आणि त्या खोदकामात जे सापडलं ते आज सांगतो.

आधी चरणजीत सिंग. हा माणूस हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमधला वादक. गिटार, बेस आणि पुढे कीबोर्ड. आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा. पडद्यावर नाव यायचं संगीतकाराचं. मागच्या पन्नास वादकांत हा एक. अशा वादकांबद्दल मला पहिल्यापासून माया आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये आमचंही तसंच असतं. ॲप कुणाचं ते सगळ्यांना माहीत, बॅकएंड कुणी लिहिलं ते कुणी विचारत नाही.

१९८२ म्हणजे डिस्कोचा काळ. ‘कुर्बानी’ १९८० ला येऊन गेलेला, नाझिया हसनचा आवाज घराघरात पोहोचलेला, आणि ‘डिस्को डान्सर’ त्याच वर्षी आलेला. सिनेमात सगळीकडे तोच ठेका. चरणजीत सिंग यांच्या हाताशी तेव्हा तीन नवी यंत्रं होती, तिन्ही रोलँड कंपनीची. टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र १९८० सालचं. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर १९८१ चा. आणि टीबी-३०३ हे बेस वाजवणारं छोटं चंदेरी खोकं, त्या वेळी नुकतंच बाजारात आलेलं. त्यांनी ही तिन्ही एकमेकांना जोडली, एका लयीत बांधली आणि ठरवलं की या डिस्कोवर आपण राग वाजवायचे. दहा राग वाजवले. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं, म्हणजे आपल्या एचएमव्हीनं, रेकॉर्ड काढली. ती पडली. शास्त्रीयवाल्यांना ती वाह्यात वाटली असणार आणि डिस्कोवाल्यांना गाणं हवं होतं.

आता या ३०३ ची गंमत ऐका. घरी एकटाच गिटार वाजवत बसलेल्या माणसाला साथीला बेस मिळावा म्हणून ते बनवलेलं. पण त्याचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा यायचाच नाही. रबर ताणल्यासारखा, चिखलात बुडबुडे आल्यासारखा यायचा. खपलं नाही. १९८४ पर्यंत कंपनीनं ते बंद केलं आणि ही खोकी जुन्या बाजारात स्वस्तात जाऊ लागली. शिकागोतल्या काही पोरांच्या हातात त्यातलं एक पडलं. त्यांनी बेस वाजवायचा सोडून त्याची बटणंच पिळायला सुरुवात केली, आणि त्यातून १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ नावाची रेकॉर्ड आली. फ्यूचर हे त्या तिघांच्या गटाचं नाव. तिथून ॲसिड हाउस नावाचा अख्खा संगीतप्रकार सुरू झाला असं जग मानतं.

आणि मग २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या एका डच रेकॉर्डवेड्याला दिल्लीतल्या दुकानात चरणजीत सिंग यांची ती जुनी रेकॉर्ड सापडली. घरी जाऊन लावली, तर आवाज शिकागोचा आणि साल शिकागोच्या पाच वर्षं आधीचं! त्यानं मुंबईत चरणजीत सिंग यांना शोधून काढलं, आणि २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा प्रकाशित केली. इंटरनेटवर धुरळा उडाला. काही जणांना तर ही शुद्ध थापच वाटली. एखाद्या इंग्रज इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं आत्ताच बनवून १९८२ चं लेबल चिकटवलं असणार म्हणाले. शेवटी सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग स्वतः यंत्रं घेऊन युरोपातल्या रंगमंचांवर उभे राहिले, तेव्हा ती शंका मिटली. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत ते गेले.

‘ॲसिड हाउसचा शोध भारतात लागला’ असे मेसेज तुम्हाला व्हॉट्सॲपवर आले असतील. मला स्वतःला ते पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती, आणि चरणजीत सिंग यांना ॲसिड हाउस हा शब्दही माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोन वेगळ्या टीमना सारखंच हार्डवेअर मिळालं आणि दोघांनी सारखीच करामत केली, एवढंच. फक्त कारण वेगळं होतं. शिकागोला नाचायचं होतं. चरणजीत सिंग यांना मींड हवी होती.

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत, मधली जागा न सोडता जाणं. हिंदुस्थानी संगीताचा जीव त्यात असतो. म्हणूनच आपल्याकडे हार्मोनियमवर एवढा राग होता. पेटीच्या पट्ट्या सुट्या सुट्या, एक सोडली की दुसरी, मधलं काहीच नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांच्या आसपास टिकली. त्याच्याही आधी आपल्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे डेप्युटी कलेक्टर तारा मोजून मोजून बावीस श्रुतींचा हिशोब मांडत होते. १९१० मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. पेटीच्या बारा पट्ट्यांत आपले सूर मावत नाहीत, हा वाद तेव्हापासूनचा.

आणि इथं बघा, ३०३ वर ‘स्लाइड’ नावाची सोय होती, एका सुरावरून पुढच्यावर घसरायची. ज्युपिटरवरही सूर घसरवता येत होता. म्हणजे ज्याला आपण निर्जीव डबा म्हणतो तो या एका बाबतीत पेटीपेक्षा गळ्याच्या जवळ जात होता. श्रुतींचं म्हणाल तर नाही, पट्ट्या तिथंही बाराच. पण घसरण होती.

हे सगळं मी आजोबांना दाखवायला नेलं, ती गोष्ट सांगतोच. पण त्याआधी ललित म्हणजे काय ते बघू, नाहीतर ते काय म्हणाले त्याचा अर्थ लागणार नाही.

रागांच्या वेळा असतात हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्या वेळांमागं नियम कोणता, हे नीट लिहून काढायचा मोठा प्रयत्न केला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. जन्म १८६०, वाळकेश्वर. शिक्षणानं वकील. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि देशभर फिरून उस्तादांकडून, पंडितांकडून चिजा आणि राग गोळा केले. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ चार भागांत आहे, १९१० ते १९३२ या काळात प्रसिद्ध झालेली, मराठीत, आणि गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. म्हणजे आपल्या भाषेत पॉडकास्टच की.

भातखंड्यांचा वेळेचा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला चक्क कोड दिसला. रागात रे कोमल आणि ग शुद्ध असेल तर तो संधिप्रकाशाचा, म्हणजे पहाट नाहीतर तिन्हीसांज. रे, ग, ध शुद्ध असतील तर त्यानंतरच्या प्रहराचा. ग आणि नी कोमल असतील तर आणखी पुढचा. इफ, एल्स इफ, एल्स. पण पहाट आणि सांज यात फरक कसा करायचा? त्यासाठी मध्यम. शुद्ध मध्यम सकाळकडे बोट दाखवतो, तीव्र मध्यम संध्याकाळकडे. या सुराला त्यांनी नावच दिलंय अध्वदर्शक, वाट दाखवणारा. अपवाद अर्थातच भरपूर. मेघमल्हार पावसाळ्यात कधीही चालतो, त्याला एक्सेप्शन हँडलिंग म्हणा.

ललितमध्ये रे कोमल, ग शुद्ध, म्हणजे संधिप्रकाश नक्की. पंचम नाहीच. आणि मध्यम? दोन्ही. तेही एकामागं एक, शेजारी शेजारी. रात्रीचा आणि सकाळचा. वाट दाखवणारा एकाच वेळी दोन्हीकडं हात करतोय. रात्र संपलेली नाही, दिवस उगवलेला नाही, त्या फटीतला हा राग. आता सांगा, खुशीतल्या माणसानं ऐकला तर त्याला सकाळ का ऐकू येऊ नये, आणि कांद्याच्या काळजीतल्या माणसाला रात्र का ऐकू येऊ नये?

अर्थात एवढ्यावर भागत नाही. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना वेगवेगळे राग ऐकवले, आधी नुसता आलाप, मग तालासकट गत, आणि काय वाटलं ते विचारलं. त्यात दिसलं असं की कोमल रिषभ असलेल्या रागांकडे ऐकणाऱ्याचं मन खिन्नतेच्या बाजूला झुकतं, आणि ताल आला, लय वाढली की तोच राग माणसाला जास्त उत्तेजित करतो. आता चरणजीत सिंग यांनी काय केलंय बघा. कोमल रिषभाचा राग घेतला आणि त्याच्याखाली थांबायचं नावच न घेणारा डिस्को ठेवला. निवांत आलापाला तिथं फारशी जागाच नाही. सूर एका बाजूला ओढतोय, ताल दुसऱ्या. आपण ज्या बाजूला आधीच कललेले असतो तिकडे पडतो. निदान माझं तरी असंच होतं. हा माझा तर्क आहे, त्या शास्त्रज्ञांचा नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्या जुन्या लोकांनी हे वेगळ्या शब्दांत म्हटलंय. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त होऊन गेला. त्याचं म्हणणं, ढोबळमानानं, असं की रस काही बाहेरून ओतला जात नाही. ऐकणाऱ्याच्या आत संस्कार साठलेले असतात, कला त्यांना जागं करते. म्हणजे माझी चूक अशी होती की मी फाईललाच इनपुट समजत होतो. इनपुट मीही होतो.

आता आजोबा.

आमचे आजोबा ओतूरच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ओतूर म्हणजे मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वर, शेजारी तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, श्रावणी सोमवारच्या जत्रेत तांदळाच्या पिंडी. गावाला भजनाची सवय जुनी. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो. लहानपणी मला गोधडीतून उठवून न्यायचे. बाहेर हरिश्चंद्रगडाकडून येणारी थंडी, आत समईचा उजेड, पखवाज गरम व्हायला लागलेला. राग कुठला वगैरे कुणी विचारत नसे. पण पहाटेची चाल पहाटेलाच, हे पक्कं. संध्याकाळी कुणी काकड्याची चाल लावली तर आजोबा पेटीचा भाता बंद करायचे, बोलायचे काही नाहीत.

(जाता जाता एक गोंधळ. पहाटे म्हणायची ती भूपाळी, आणि भूपाळी राग म्हणजे भूप, तो मात्र संध्याकाळ झाल्यानंतरचा. चरणजीत सिंग यांच्या रेकॉर्डवर तर ललितनंतर लगेच भूपाळीच येतो. पहाट, आणि पाच मिनिटांत एकदम रात्रीचा पहिला प्रहर. त्यांनी घड्याळ पाळलेलंच नाही.)

तर मी मोबाईलवर तो ट्रॅक लावला. दुपारची वेळ, आजोबा ओट्यावर बसलेले, ऐंशीच्या पुढचे. मला वाटलं होतं, वैतागतील. वरातीच्या डीजेनं त्यांचं डोकं आधीच उठलेलं असायचं. पहिला अर्धा मिनिट कपाळाला आठ्या होत्या. मग हात गुडघ्यावर आला आणि बोटं हलायला लागली, ठेक्यावर नाही, पट्ट्यांवर असल्यासारखी.

‘कोण वाजवतंय?’

‘यंत्र आहे आजोबा. मुंबईचे एक सरदारजी होते, त्यांनी वाजवलंय. मी जन्मायच्या आधी.’

‘यंत्र असूं दे. माणूस पहाटं उठणारा आहे.’

मग पुन्हा लाव म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकताना एका जागी हात वर करून थांबवलं. ‘हे बघ, हितं. ह्या दोन सुरांच्या मधून चाललाय तो. आमच्या पेटीत ही वाटच नाही रं. साठ वर्षं वाजवली, पण ह्या पट्टीवरून त्या पट्टीवर उडीच मारावी लागती.’

मला त्या वेळी मींड, १९४० ची बंदी, देवल, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ते सगळं मी नंतर वाचलं, आणि वाचताना प्रत्येक वेळी ओटाच डोळ्यांसमोर आला. पेटीवरची सगळ्यात जुनी तक्रार मला आयुष्यभर पेटी वाजवलेल्या माणसानंच सांगितली होती, तीही एका डिस्कोच्या रेकॉर्डवरून.

‘पण दुपारचं हे ऐकू नये,’ असंही म्हणाले. ‘पहाटं लाव.’

मी काही पहाटे लावला नाही. सुट्टी दोनच दिवसांची होती आणि पहाटे मी झोपलेला होतो.

आजोबा पुढच्या कार्तिकात गेले. फोन आला तेव्हा पुन्हा माझी रात्रपाळीच होती. मित्राच्या गाडीनं निघालो. चाकण, मंचर, नारायणगाव. खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या त्या बाजूला कुठंतरी अंधारात असणार. तीस तबकड्या आहेत, एकेक पंचेचाळीस मीटर रुंद, आणि काम काय, तर आकाशातून येणारं अगदी बारीक काहीतरी ऐकत राहायचं. आळेफाट्याच्या पुढं झुंजूमुंजू व्हायला लागलं. मित्राला विचारलं, ‘गाणं लावू का?’ तो जरा दचकला, पण हो म्हणाला. ललित लावला.

त्या वेळी काय वाटलं ते सांगायला हवं, कारण सगळा भाग त्याच्याबद्दलच आहे. मला वाटलं होतं, रडू येईल. ते आलं नाही. त्या ट्रॅकमध्ये मिरवणूकही ऐकू आली नाही आणि येरझाऱ्याही. पहिल्यांदाच मला त्यात नुसते सूर ऐकू आले. दोन मध्यम, आणि त्यांच्या मधली ती वाट. ठेका चालू होता, पण खूप लांब, शेजारच्या गावात लग्न असावं तसा. ओतूरच्या वेशीवर आलो तेव्हा देवळात काकडा चालू होता. गाडीच्या काचा खाली केल्या, मोबाईल बंद केला.

आता मंडळी विचारतात, हा ट्रॅक कधी ऐकायचा. कधीही ऐका, चरणजीत सिंग यांनीच वेळ पाळली नाही तर आपण कोण! एक प्रयोग मात्र सुचवतो. या रेकॉर्डमधला एकच राग निवडा. रात्री जागणारे असाल तर मालकंस घ्या, पाऊस आवडत असेल तर मेघमल्हार. माळशेज घाटात ढग खाली उतरलेले असताना मेघमल्हार ऐकून बघा, फक्त गाडी दुसऱ्याला चालवू द्या. महिनाभर तोच ट्रॅक, वेगवेगळ्या दिवशी, आणि ऐकून झाल्यावर मोबाईलच्या नोट्समध्ये एक ओळ. शेवटी सगळ्या ओळी सलग वाचा. माझ्या नोट्समध्ये एका ठिकाणी ‘पळत सुटावंसं वाटतंय’ असं आहे आणि चार दिवसांनी त्याच ट्रॅकखाली ‘झोप आली’.

आजोबांची पेटी माळ्यावर होती. गेल्या दिवाळीत खाली काढली. भाता धड आहे, पण एक सूर चिकटलाय. भाता हलवला की पट्टी न दाबताच तो वाजत राहतो. मी मोबाईलवर ललित लावला आणि भाता मारत त्याच्याबरोबर तो एकच सूर धरून बसलो. जुळत नाही. चरणजीत सिंग यांच्या षड्जापेक्षा किंचित खाली आहे. आई आतून म्हणाली, ‘कोण वाजवतंय रे?’ मी सांगितलं, यंत्र आहे. पेटी दुरुस्त करणारा शोधतोय, जुन्नर-नारायणगावकडे कुणी माहीत असेल तर कळवा.